सुपभर कोंडा

भगवानराव पाटलांनी बस्त्याची गाठ दातांनी सोडली, तांबडं फडकं बाजूला सारलं आणि जन्ममृत्यूची वही मांडीवर घेतली. बावीस वर्षांपूर्वीची वही. कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पानापानांतून कडुलिंबाचा वाळका पाला गळणारा. वामनरावाची कोकिळा ओसरीवर चढून बसली नसती तर त्यांनी हे काम उद्यावर ढकललं असतं. पण ही पोरगी बसली की उठत नाही, हे टाकळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिची माय रुखमाबाई खाली पायरीशी उभी होती. दोन्ही हात पदराआड, नेहमीसारखे.

"श्रावण होता ना वो, वयनी?"

रुखमाबाईनं मान हलवली. पाटलांचं बोट ओळीओळीनं खाली सरकलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा वाचलं. मग पान उलटून मागची बाजू पाहिली, जणू चूक तिकडून झिरपून आली असावी.

"काय लिवलं हाय, काका?" कोकिळेनं विचारलं.

"मुलगी. जिवंत. वार बुधवार." पाटील खाकरले. "बापाचं नाव, वहाब वल्द इमाम. धंदा पिंजारी."

त्यांनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"माह्या बाच्या हातचं अक्षर हाय हे," पाटील म्हणाले. "बुढा शुद्धीत राहून असं काऊन लिवन, मले समजत नाही."

रुखमाबाईला समजलं होतं. तिचे पदराआडचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले.

टाकळी म्हणजे वरवट बकालपासून कोसभरावरचं गाव. सारा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या गावात रुखमाबाईची तीन लेकरं एकामागून एक गेली होती. पाण्यानं नेली, असं कोकिळा आता म्हणायची. सटवाईनं नेली, असं रुखमाबाईची सासू गोजरबाई तेव्हा म्हणायची. चौथ्या खेपेला ही पोरगी झाली तशी गोजरबाईनं पाचवीची वाटच पाहिली नाही. सटवाई पाचव्या दिवशी येऊन कपाळ लिहिते; तिला घर सापडलंच नाही तर ती लिहील कुठं? चौथ्या दिवशी सकाळी म्हातारीनं बाळ सुपात घातलं, गावाच्या कडेला वहाब पिंजाऱ्याच्या घरी नेलं आणि त्याच्या बायकोच्या, सलीमाच्या ओटीत टाकलं. पोट्टी तुमची, आमची नाही, असं तीनदा मोठ्यानं म्हणून मागं न पाहता परत आली. सलीमाचं थोरलं मूल अंगावर पीत होतं. अकरा दिवस तिनं दोघांना पाजलं.

इतकं रुखमाबाईला ठाऊक होतं. असं पुष्कळांकडे करत. पण म्हातारी तेवढ्यावर थांबली नव्हती, हे आज कळत होतं. जी सटवाई लिहिते ती वाचतही असेल, असं तिच्या मनानं घेतलं असणार, आणि तिनं थोरल्या पाटलाला गाठून सरकारच्या वहीतही तेच लिहायला लावलं असणार. पोरगी जगली. वहीतली ओळ मात्र तशीच राहिली.

"नकल लिहून द्या," कोकिळा म्हणाली.

"अशीच?"

"वहीत जशी हाय तशी. तुमाले दुसरं लिहिता येते का?"

पाटलांना दुसरं लिहिता येत नव्हतं. त्यांनी नक्कल लिहिली, सही केली, आणि कागद देताना रुखमाबाईकडे पाहून म्हणाले की पोरीच्या बापाला, वामनरावाला हे कळलं तर तो वही जाळायला येईल.

वामनराव जाळायला आला नसता. कागद अडला म्हणून तो खूशच झाला असता, आणि हीच रुखमाबाईची भीती होती.

कागद हवा होता तो जर्मनीला पाठवायला. तिथल्या एका विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांसाठी बिनफीच्या काही जागा काढल्या होत्या. कोकिळा नागपुरातून बी.एस्सी. झालेली, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेली; त्या पगारातून जहाजाचं भाडं साठलं होतं. तिथं जाऊन तिला पाण्यातल्या क्षारांचा अभ्यास करायचा होता. खारं पाणी गोडं कसं करतात ते शिकायचं होतं. मायला तिनं हे एकाच वाक्यात सांगितलं होतं आणि रुखमाबाईला दुसऱ्या वाक्याची गरज पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसल्यावर तिच्या तोंडून आपसूक आलं:

विहीर माझी खारी, पाणी पेल्यानं भागेना
लेक निंगाली दूर, तिले आडवं लागेना

एक गोष्ट मात्र तिला उमगली नव्हती.

"परक्याच्या पोराइले ते फुकट शिकवतात? अन् काऊन?"

"परके म्हणूनच, माय. फारमवर पहिली अट तेच हाय. इद्यार्थी परदेशी पाह्यजे."

रुखमाबाईनं जात्यात घास टाकायचा हात मध्येच थांबवला. लेक म्हणजे परक्याचं धन, हे ती जन्मल्यापासून ऐकत आली होती. माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, कोकिळा झाली तेव्हा बारशाला आलेल्या बायांकडून ऐकलं. परकं असण्यानं कधी कुणाचं काही भलं होतं, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

दोन कागद लागत होते. एक जन्माची नक्कल, बापाच्या नावासकट. दुसरा, अविवाहित मुलगी असेल तर त्याच बापाची संमतीची सही. ती वामनराव देणार नव्हता. खामगावच्या एका कापूस दलालाचा मुलगा त्यानं ठरवत आणला होता. वामनराव काही दुष्ट माणूस नव्हता. गावानं नावं ठेवली तरी पोरीला त्यानं शिकवलं होतं, तिच्या परीक्षेचा निकाल छापून आला तो कागद अजून त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. पण समुद्र ओलांडायची गोष्ट निघाल्यावर त्यानं ताट सारलं होतं आणि शांतपणे सांगितलं होतं:

"बाप मी हाओ. सही माही लागते. अन् ते भेटनार नाही."

कागद मुंबईतल्या जर्मन कचेरीत पोचायला आठ दिवस उरले होते.

नक्कल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबानं तालुक्याला जायला बैलगाडी जुंपली. कडूबा त्यांचा जुना सालदार. वाटेत त्याला नकलेची हकीकत कळली तसा तो बराच वेळ बैलांशी हसला.

"काय हसतं गा, कडूबादादा?" कोकिळा म्हणाली.

"नाही, म्हटलं, माह्या मायनं मले कडू म्हणून वाचोलं, तुले पिंजाऱ्याची म्हणून वाचोलं. माहं नाव कुठं अडलं नाही, तुहं अडलं. शिकलं का असंच होते."

तालुक्याच्या कचेरीत निवृत्ती नावाचा कारकून होता. माणूस सभ्य, कानावर टाक, बोलायची हौस दांडगी. नक्कल पाहून तो आधी नक्कल बरोबर आहे म्हणाला, मग चूक आहे म्हणाला. वहीतलं नाव बदलायचं तर वामनरावांनी स्वतः येऊन शपथेवर लिहून द्यावं लागेल, दोन साक्षीदार आणावे लागतील. वामनराव येतील का? कोकिळेनं फॉर्म पुढं सरकवला, तेव्हा तो समजला आणि नकलेवर नुसता शिक्का मारून फॉर्मकडे वळला. तिथं एका रकान्यावर त्याचं बोट अडलं. कोणत्या राज्याची प्रजा?

"हे अवघड आहे, ताई," तो म्हणाला. "वऱ्हाड निजामाचा. कारभार इंग्रजाचा. हुकूम येतात नागपूरहून."

"मग मी कोणाची?"

"कागदावर निजामाची."

"अन् उद्या मले फाशी द्यायची झाली तर?"

"ते इंग्रज पाहतील." निवृत्ती आपल्याच बोलण्यावर खूश झाला. त्यानं रकान्यात बारीक अक्षरांत दोन ओळी बसवल्या आणि त्याच्यावरही शिक्का मारला.

रुखमाबाई भिंतीशी टेकून बसली होती. कचेरीत ती पहिल्यांदाच आली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "कागद एक म्हनते अन् कारभार दुसराच करते. तर तुमच्या इथं खरं कोनतं धरतात?"

"कचेरीत कागद खरा धरतात, बाई."

"हाव का," रुखमाबाई म्हणाली, आणि उठून लुगडं झटकलं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. ऊन कलायला लागलेलं. कोकिळा मध्येच म्हणाली की वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करू. मग म्हणाली, पुढच्या वर्षी जागा निघतील असं कुठं लिहिलंय? रुखमाबाईनं दोन्हींवर हूं केलं. गाव दिसायला लागलं तसं तिनं कडूबाला सांगितलं की गाडी घराकडे नेऊ नको, वहाबच्या दाराशी लाव.

वहाब कापूस पिंजत बसला होता. पिंजणीची तात धुं धुं बोलत होती आणि त्याच्या भुवया, दाढी, पापण्या, सगळ्यांवर कापसाचं बारीक पीस बसलं होतं. सलीमा बाजेवर गादीला टाके घालत होती. कोकिळा लहानपणापासून तिला सलीमामाय म्हणायची. दर ईदला तिच्या बांगड्या यायच्या आणि दर थंडीला नव्या कापसाची उशी. त्यावर वामनराव काही बोलत नसे. उशी मात्र स्वतः कधी डोक्याखाली घेत नसे.

कोकिळेनं नक्कल वाचून दाखवली. वहाबनं तात सोडली. त्याला आधी वाटलं की सरकारनं त्याच्यावर काही आळ घेतला आहे.

"म्या नाही लिवाले लावलं, रुखमाबाई. अल्लाची कसम."

"मले मालूम हाय."

"मंग हे खोडाले पाह्यजे."

"खोडू नोको," रुखमाबाई म्हणाली. "सही कर."

वहाब तिच्याकडे पाहत राहिला. वामनराव त्याचं गिऱ्हाईक. गावातल्या निम्म्या गाद्या वामनरावाच्या शब्दावर त्याच्याकडे येत. रुखमाबाईला हे माहीत होतं आणि ती ते विसरल्यासारखं करत नव्हती; ती तशीच उभी राहिली, त्याला नाही म्हणायला जागा ठेवून. कोकिळा मात्र पुढं झाली आणि म्हणाली की चाचा, तुमच्या मनात नसलं तर मी हा कागद इथंच फाडते.

सलीमानं सुई गादीत खोचली.

"फाडती कायले? सही तर ह्यालेच करनी पडन. पोट्टी आमची हाय. तुह्या बापानं सौदा कुठं केला?"

सौद्याची गोष्ट रुखमाबाईनं वीस-बावीस वर्षं मनात दाबून ठेवली होती. रीत अशी होती की लेकरू परत न्यायचं तर बापानं स्वतः यायचं. अनवाणी यायचं, सुपात कोंडा घेऊन यायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, पोट्टी विकता का? घरधनीण म्हणते, विकतो. मग कोंडा इकडे, लेकरू तिकडे. सलीमाकडे अकरा दिवस झाल्यावर गोजरबाईनं लेकाला तसं सांगितलं होतं. वामनराव मराठी सहावी शिकलेला. स्वतःच्या पोरीला पिंजाऱ्याच्या दारात कोंड्यावर विकत घ्यायला मी येडा नाही, असं म्हणून त्यानं मोलकरणीला पाठवलं आणि पोर उचलून आणली. सलीमानं दिली. देताना एवढंच म्हणाली होती की घेऊन जा, पण हिशेब बाकी हाय.

वहाबनं हात धोतराला पुसले. कोकिळेनं दौत उघडली, टाक त्याच्या हातात दिला. मशिदीत लहानपणी गिरवलेली चार अक्षरं त्यानं उजवीकडून डावीकडे काढली, इतकी हळू की शेवटच्या अक्षरापर्यंत पहिलं वाळलं. कापसाचं एक पीस ओल्या शाईला चिकटलं. ते काढायला कोकिळेनं बोट पुढं केलं आणि मग राहू दिलं.

"खाली आणखी एक रकाना हाय," ती म्हणाली. "साक्षीदाराचा."

संध्याकाळी वामनराव जेवायला बसला तेव्हा गोष्ट त्याच्या कानावर आली होती. भगवानरावांनी सांगितली की कडूबानं, कोण जाणे. त्यानं पहिला घास मोडला आणि खाली ठेवला.

"त्या पिंजाऱ्यानं सही केली म्हंतात."

"हाव," रुखमाबाई चुलीपाशी भाकर थापत म्हणाली.

"माह्या पोट्टीच्या कागदावर."

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्याच्या बोलण्याला तिनं आजवर भाजीतल्या मिठापलीकडे उत्तर दिलं नव्हतं.

"कोंडा देल्ला होता का तुमी?" तिनं विचारलं.

"काय?"

"सुपभर कोंडा. तिले आनाले गेल्ते का तुमी? सोता? मायबाईनं तुमाले तीनदा सांगतलं. तुमी मोलकरीन धाडली."

"ते बुढीचं येडेपन होतं."

"असन. त्या येडेपनानंच ते जगली ना. तीन गेले, तवा तुमच्या शहाणपनानं एक राह्यलं का?" तिचा आवाज चढला नव्हता. भाकर उलटायचीही ती विसरली नव्हती. "कचेरीत म्हंतात कागद खरा. आपल्या रीतीनं म्हनावं तर सौदाच झाला नाही. कोनत्या बाजूनं तुमी बाप, थे तुमीच सांगा."

वामनराव ताटावरून उठला नाही. तो जेवलाही नाही.

पहाटे त्याची बाज रिकामी होती. रुखमाबाईला वाटलं, शेतात गेला. तिला थांबायला वेळ नव्हता. कोकिळेची ट्रंक रात्रीच सलीमाकडे पोचली होती. नांदुऱ्याहून मुंबईची गाडी धरायची होती. तिथं दादरला कॉलेजातल्या बाईंचं माहेर होतं, त्या घरी उतरून कागद स्वतःच्या हातानं द्यायचे होते आणि उत्तर येईपर्यंत तिथंच राहायचं होतं. कोकिळा मायच्या पाया पडली, सलीमाच्या पाया पडली, आणि ट्रंकेवर बसायच्या आधी वळून एकदा स्वतःच्या घराच्या दिशेला पाहिलं. कडूबानं बैलांना टिचकी मारली. पोचवायला वहाब गेला. आज त्यानं दाढीतला कापूस धुऊन काढला होता आणि डोक्याला ईदची टोपी घातली होती.

गाडीची धूळ खाली बसली. दोघी बाया उंबऱ्याशी बसल्या. सलीमानं पानाची चंची उघडली. ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं.

तेव्हा वामनराव गल्लीच्या तोंडाशी दिसला. गावात तो जोड्यांशिवाय कधी निघत नसे; आज पाय उघडे होते आणि खड्यांवरून जपून पडत होते. दोन्ही हातांत सूप होतं. सुपात ज्वारीचा कोंडा. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर त्यानं आपलं उपरणं टाकलं होतं. वाटेत दोघं-तिघं ओट्यांवर बसले होते, ते बोलायचे थांबले. तो त्यांच्यासमोरून तसाच आला आणि उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

सलीमानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. रुखमाबाई उभी राहिली.

वामनरावानं तोंड उघडलं, मिटलं. त्याला शब्द माहीत होते. म्हातारीनं ते तीनदा सांगितले होते.

"पोट्टी..." तो म्हणाला, आणि त्याची नजर आत गेली, बाजेकडे, पिंजणीकडे, ट्रंक ठेवली होती त्या जागेकडे. "कोकी कुठं हाय?"

"गेली ना," सलीमा म्हणाली. "सुबेच गेली. अब्बा गेले तिचे पोचवाले."

त्यानं ते ऐकलं. सूप हातात तसंच होतं, फक्त थोडं खाली आलं. उपरण्याच्या कडेतून कोंड्याची बारीक धार सुटली आणि त्याच्या उघड्या पायांवर पडत राहिली.

"सामने पोट्टी नसली तर सौदा कसा करू, वामनरावभाऊ?" सलीमा म्हणाली. "आल्यावर या. तवा भाव मात्र कोंड्याचा नाही राहनार. शिकून येऊन राह्यली ते."

ओट्यावरचं कोणीतरी हसलं. वामनराव हसला नाही, चिडलाही नाही.

"सही उर्दूत केली म्हंतात त्यानं," तो म्हणाला.

"हाव," रुखमाबाई म्हणाली.

"तिकडच्या लोकाइले उर्दू वाचता येते का?"

सलीमानं पानाची चंची मिटली.

"नुसती उर्दूतली सही पाहून कागद वापस करतीन थे." त्याचा आवाज नेहमीचा, हुकमी होता, पण हुकूम कोणाला द्यावा हे त्याला कळत नव्हतं. "साक्षीदार लागते अशा कागदाले. घेतला का कोनी? का तसाच धाडला?"

रुखमाबाईनं पदराआडून उजवा हात काढला आणि सूप घ्यायला त्याच्यापुढं केला. अंगठा पहिल्या पेरापर्यंत निळा होता. सकाळी तिनं राखेनं दोनदा घासला होता, तरी शाई रेषांत बसली होती.

तो अंगठ्याकडे पाहत राहिला. तिनं हात मागं घेतला नाही.

"आना ते सूप इकडं," ती म्हणाली. "सांडून राह्यलं."